पहिला चौकोन कुठल्या बाजूचा

इल्फर्ड,
फेब्रुवारी १९७४, रविवार (दिवे आहेत तोवर)

तीर्थरूप रिवकावन्सं यांना धाकट्या भावजयीचा, म्हणजे सिपोराचा, वाकून नमस्कार आणि वर शालोम. प्रत्यक्षात माझे गुडघे आता वाकत नाहीत, पण कागदावर वाकायला काय जातंय, म्हणून चांगली कमरेत वाकले आहे असं समजा. तुमचा दमा, तुमचं मांजर आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंशी चाललेलं तुमचं भांडण, तिघांचीही प्रकृती कशी आहे ते कळवावं. भांडण बरं झालं असलं तर मला वाईट वाटेल, कारण तुमच्या पत्रात तेवढाच मजकूर मी दोनदा वाचून घेते.

पत्र नेहमीप्रमाणे मी बोलते आहे आणि सूनबाई लिहिते आहे. शुलामीथचं अक्षर मोत्यासारखं आहे असं सगळे म्हणतात. मला कागदावर मोती काय नि मोहरी काय, सारखंच. आमचा करार असा की मी बोलेन ते तिनं जसंच्या तसं लिहायचं, आणि तिला स्वतःचं काही म्हणायचं असेल तर ते कंसात म्हणायचं. (म्हणते आहे. नमस्कार आत्या. आई आत्ताच म्हणाल्या की माझ्या हातची डाळ पातळ असते, ते मी लिहिलेलं नाही. — शुला.) आता मला काय कळणार तिनं कंसात काय लिहिलं ते. पण ती लिहिताना हसली, म्हणजे माझ्याविरुद्धच असणार.

इथली हकीकत अशी, की कोळशाच्या खाणीतल्या लोकांचं आणि सरकारचं जुळेना, म्हणून सरकारनं सांगितलं की वीज वाचवायला कारखाने आठवड्याचे तीनच दिवस चालवा. त्याचा आमच्या घराशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. आमचा हिलेल ब्रिस्टलला विमानाच्या कारखान्यात आहे ना, तो उरलेले दिवस घरी बसायला लागला. रिकामा माणूस काय करतो? आधी त्यानं कपाटं आवरली, मग बागेतलं कुंपण रंगवलं, आणि मग त्याला आई आठवली. लगेच इकडे भावाला, आमच्या योएलला, फोन. आईला चार महिने माझ्याकडे पाठव, तुझं ते अभ्यासाचं पुस्तक लिहून होईल, तिलाही हवापालट होईल. हवापालट म्हणे! इल्फर्डची हवा थंड आणि ओली आहे, ब्रिस्टलची हवा ओली आणि थंड आहे. हिलेलचं घर टेकडीवर, त्यामुळे एकदा खाली उतरलं की वर चढवत नाही आणि वर चढलं की खाली काय आहे ते बघायची इच्छा राहत नाही. त्याची जोन गुणाची पोर, नाही म्हणणार नाही. पण तिला मराठी येत नाही आणि मला इंग्रजी. मागच्या खेपेला आम्ही दोघी समोरासमोर बसून हसायचो, चहा प्यायचो आणि पुन्हा हसायचो. आठवडाभरात माझे जबडे गुडघ्यांपेक्षा जास्त दुखायला लागले.

तेव्हा मी योएलला एकच सवाल केला, की माझ्या वर्गाचं काय?

वर्गाबद्दल तुम्हाला मागे लिहिलंच होतं, पण ते पत्र नातीनं, शर्लीनं, पेटीत टाकलं की दप्तरात ठेवलं याची खात्री नाही, म्हणून परत सांगते. रविवारी सकाळी कौन्सिलनं दिलेल्या शाळेच्या एका खोलीत आमचा मराठी वर्ग भरतो. आपली सिनेगॉगमधली मुलं असतात, आणि इस्पितळांतल्या मराठी डॉक्टरांचीही. सगळी अकरापासून सोळा वर्षांपर्यंतची, आठवडाभर इंग्रजी शाळेत जाणारी. पहिला तास शशिकांत मास्तरांचा. ते एरवी इस्पितळात एक्स-रे काढतात, त्यामुळे मुलांकडेही जरा आरपार बघतात. ते बाराखडी लिहून घेतात. दुसरा तास माझा. मी काय शिकवणार कपाळ? मी नुसती बोलते, आणि त्यांना बोलायला लावते. म्हणी, उखाणे, कोण कुणाला काय म्हणालं, नवगावच्या आपल्या तेलाच्या घाण्याचा बैल आत्येसासूंना बघून का थांबायचा, वगैरे. मधूनमधून खायला देते. शशिकांत मास्तरांचं गेले काही दिवस म्हणणं होतं की परीक्षेत उखाण्यांना मार्क नसतात, तर दुसरा तासही लिखाणाला द्यावा. माणूस सज्जन, पण तोवर त्याला हसताना मी एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा तो शिंकणार होता.

आता योएलच्या अभ्यासाचं सांगते, कारण सगळी भानगड तिथून सुरू झाली. तो दिवसा शाळेत गणित शिकवतो आणि संध्याकाळी स्वतः युनिव्हर्सिटीत शिकायला जातो. वरची पदवी हवी आहे. विषय काय घेतला आहे, तर माध्यमिक शाळेतल्या मुलांना आपला वर्ग कसा वाटतो ते मोजायचं. मी म्हटलं, अरे, ताप मोजतात, दूध मोजतात, वाटणं कसं मोजणार? थर्मामीटर लावणार कुठे? तर म्हणे वाक्यं लिहून द्यायची. 'या वर्गातली मुलं एकमेकांना चांगली ओळखतात.' 'शिकवलेलं मला समजतं.' 'या वर्गात काही मुलांचे जास्त लाड होतात.' 'इथे फार वेळ वाया जातो.' प्रत्येक वाक्यापुढे चार चौकोन. अगदी पटतं, पटतं, पटत नाही, मुळीच पटत नाही. मुलानं एकात खूण करायची. मग सगळ्या खुणांची बेरीज-भागाकार करून वर्गाची हवा कळते. वन्सं, तुम्ही हेडमिस्ट्रेस म्हणून एवढी वर्षं शाळा चालवलीत. एकदा तरी पोरांना विचारलंत का, की बाळांनो, वर्ग कसा वाटतो? तुम्हाला मोजायची गरजच नव्हती म्हणा. जिन्यात तुमची चप्पल वाजली की काय वाटतं ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असायचं, आणि ते मलासुद्धा वाचता यायचं. योएल तर अजून तुमचं पत्र आलं की आधी सदऱ्याची बटणं लावतो आणि मग उघडतो.

तर युनिव्हर्सिटीतली त्याची मार्गदर्शक बाई, मिस पेंबर्टन, म्हणाली की मोठ्या शाळेत वाटण्याआधी हे कागद एखाद्या लहान घोळक्यावर करून बघ. लहान घोळका कुठला, तर आमचा रविवारचा. आणि तिथे योएलनं मला पेचात धरलं. जेवता जेवता म्हणाला, आई, तू म्हणतेस मुलांना तुझा तास हवा असतो. मास्तर म्हणतात नको असतो. आता मुलंच सांगतील. हवा असेल तर तू इथे राहा. नको असेल तर तास मास्तरांना आणि तू ब्रिस्टलला. बोलायला किती गोड! लहानपणी खोबरं चोरल्यावरही असाच तोंड पुसून न्यायाच्या गोष्टी करायचा.

मी घाबरले, खोटं कशाला बोलू. ही पोरं माझ्यासमोर दात काढतात, पण कागदावर कोण काय करेल काय सांगता येतं? इथे सबंध दिवसात माझ्याशी बोलणारी माणसं म्हणजे सूनबाई, आणि दूधवाला, जो फक्त 'मॉर्निंग' म्हणतो. (मी दिवसभर बोलते, आत्या. ऐकणाऱ्याला सवय नाही. — शुला.) रविवारी त्या खोलीत पंधरा-वीस तोंडं एकदम 'आजी, आजी' करतात. ते गेलं तर ब्रिस्टल काय आणि इल्फर्ड काय, मी नुसती खुर्ची.

म्हणून मी थोडी व्यवस्था केली. लबाडी नव्हे, व्यवस्था. भाजी निवडता निवडता सूनबाईला सहज विचारलं, की हे चौकोन असतात त्यात चांगला कुठला गं? ती म्हणाली, पहिला चौकोन म्हणजे अगदी पटतं, शेवटचा म्हणजे मुळीच पटत नाही. झालं. कागद वाटायच्या आदल्या रविवारी मास्तर एक्स-रेच्या पाळीला उशीर होतो म्हणून लवकर निघून गेले, तेव्हा मी मुलांना जवळ घेतलं, खोबऱ्याच्या वड्या वाटल्या, आणि योएलच्या टेबलावरून उचललेला एक कागद समोर धरून बोट ठेवून दाखवलं. हा पहिला चौकोन. कागदात काहीही विचारू देत, खूण इथेच करायची. वडीवर हात ठेवून शपथ घेतली सगळ्यांनी. डॉक्टर पद्माकरांच्या अनुराधानं विचारलं, आजी, वाचायचं नाही का आधी? मी म्हटलं, मी वाचते का कधी? माझं काही अडलंय?

खुणा झाल्या. मुलांनी कागद दिले ते माझ्याकडे बघून डोळे मिचकावत. मला वाटलं जिंकलो. मी एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोलले होते, तो पुढच्याच रविवारी करायचा ठरवला. इकडे योएल मात्र रात्रीच्या जेवणापासून बदलला. माझ्या पानात न मागता भात वाढायला लागला. खांद्यावरची शाल सारखी करायला लागला. मला वाटलं, पोराला आईची थोरवी आत्ता कळली. वन्सं, तसं नव्हतं. तो मला धक्का बसू नये म्हणून जपत होता!

कारण कागदांवरून निघालेला वर्ग असा होता. इथली मुलं एकमेकांना मुळीच ओळखत नाहीत. शिकवलेलं कुणालाही मुळीच समजत नाही. इथे कुणी कुणाला मदत करत नाही, हसत नाही. मात्र इथे मुळीच गडबड नसते, मुळीच वेळ वाया जात नाही आणि कुणाचे लाड होत नाहीत. आणि हा वर्ग बंद पडला तर वाईट वाटेल का, तर मुळीच नाही. थोडक्यात, कबरस्तान. सगळ्या मुलांचं एकमत, एक खूणसुद्धा इकडची तिकडे नाही. मिस पेंबर्टन म्हणाली, मिस्टर नवगावकर, मी इतकी वर्षं वर्ग मोजते आहे, पण इतका एकजुटीनं दुःखी वर्ग सबंध इंग्लंडात पाहिला नाही. मला तो डोळ्यांनी बघायचा आहे.

आणि ती आली. कधी? तर बरोबर मलिद्याच्या रविवारी. सकाळी घरी ताट मांडून योएलकडून प्रार्थना म्हणवून घेतली — तो एलियाहू हन्नाबीचं नाव असं घेत होता की जणू मला न्यायलाच त्यांना बोलावतोय — आणि भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर खजूर नि केळ्यांचे काप असं भलंमोठं पातेलं वर्गात नेलं. माझा तास सुरू झाला होता. मिस पेंबर्टन म्हणजे उंच, राखाडी कोट, हातात वही, चेहरा मयताला आल्यासारखा. दार हळूच उघडलं. आत काय, तर पातेल्याभोवती झुंबड, दोघं बाकावर उभे, एकजण उखाण्यात बायकोच्या नावाऐवजी मास्तरांचं नाव घेतोय, मास्तर स्वतः तोंडात खजूर धरून 'शांतता, शांतता' म्हणतायत, आणि मी हातातली पळी दाखवत ओरडतेय, की अरे मेल्यांनो, त्या शेवटच्या बाकावरच्या पोराला मिळालं का? बाई बाहेर गेली, दारावरचा आकडा बघितला आणि परत आत आली.

तिनं योएलला विचारलं, हाच का तो? योएल नुसता मान हलवतोय, हो की नाही ते त्याला स्वतःलाही ठाऊक नाही. मग बाई शर्लीपाशी बसली आणि गोड आवाजात काहीतरी विचारलं. आमची शर्ली! बापाचा मान, आजीची लाज, काही नाही. आधी इंग्रजीत सगळं सांगितलं आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीतही सांगितलं. "आजीनी सांगितली ना! जे काय विचारेल ते फर्स्ट बॉक्समध्ये टिक कर. आम्ही वडीवर प्रॉमिस केला!"

खोलीत अशी शांतता झाली की कागदावरचा वर्ग खरा ठरला. योएल माझ्याकडे, मास्तर माझ्याकडे, पोरं पातेल्याकडे. मी म्हटलं, चांगलाच चौकोन सांगितला होता की! पहिला! शर्ली म्हणाली, पण आजी, तू लास्ट दाखवली. मी म्हटलं, शेवटचा कशाला दाखवीन? बाईनं एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला आणि खुणेनं विचारलं, पहिला कुठला? मी बोट ठेवलं. उजवीकडच्यावर. आता सांगा वन्सं, माझं काय चुकलं? जन्मभर सिनेगॉगच्या वरच्या सज्जात बायकांत बसून खाली बघत आले. पुरुष पुस्तक उघडतात ते उजव्या बाजूनं, बोट फिरवतात ते उजवीकडून डावीकडे. देवाचं पुस्तक जिकडून सुरू होतं, तिकडूनच योएलचं सुरू होत नसेल हे मला कुणी सांगावं? (मी 'पहिला' म्हटलं तेव्हा बाजू सांगायची राहिली. यापुढे भाजी निवडताना मी काहीही सांगणार नाही. — शुला.)

योएलनं कपाळाला हात लावून बाईला समजावून सांगितलं. मग बाईचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, म्हणून वाटीभर मलिदा पुढे केला. ती हसत होती, वन्सं, डोळ्याला रुमाल लावून. दोन वाट्या खाल्ल्यान, आणि शशिकांत मास्तर तिला हसताना बघून हसले. शिंक न येता!

पण शास्त्र ते शास्त्र. बाईनं सांगितलं, कागद पुन्हा भरून घ्या, आणि त्या वेळी आजीबाई इमारतीत नकोत. मग मागच्या रविवारी मला सूनबाईबरोबर समोरच्या लाँड्रेटमध्ये बसवलं. तिथे गोल काचेत कपडे फिरतात, त्यात हिलेलच्या जुन्या स्वेटरची बाही अधूनमधून वर येऊन मला हात करायची, की ये, ब्रिस्टलला ये. मी तोंड फिरवलं. (रस्ता ओलांडून खिडकीतून बघायला तीनदा उठल्या. दोनदा मी पदर धरला, एकदा हातात ओल्या चादरी होत्या. — शुला.)

निकाल योएलनं सांगितला, पण त्याच्या भाषेत. म्हणे सरासरी समाधानकारक आहे, विखुरलेपण अपेक्षेइतकं आहे. मी म्हटलं, बाबा, विखुरलेली मी आहे, मला साध्या मराठीत सांग. तेव्हा एवढं कळलं की मुलं एकमेकांना ओळखतात, गडबड फार होते, वेळ वाया जातो हे सगळ्यांना पटतं, आणि लाड होतात हेही पटतं. शर्लीकडून बाहेरून समजलं की प्रत्येकाला वाटतं, आजी लाड आपलेच करते. एवढं सांगून योएलनं घसा खाकरला, वहीत डोकं घातलं आणि म्हणाला, ब्रिस्टलचं बघू. 'बघू' म्हणजे काय, वन्सं? तुमचे भाऊ, म्हणजे आमचे हे, ज्याला 'बघू' म्हणाले ते जन्मात बघितलं नाही, आणि ज्याला काहीच म्हणाले नाहीत ते दुसऱ्या दिवशी दारात उभं. मुलगा कुणावर गेलाय ते मला अजून उमगलेलं नाही.

तरी माझी काही तक्रार नाही. म्हातारं माणूस म्हणजे ट्रंक, उचलतील तिथे जाईन. जोनसमोर बसून हसेन. टेकडीवर राहीन. मुलांनी सुखात असावं, मास्तरांनी बाराखडी शिकवावी, यापरतं मला काय हवं? तुम्ही काळजी करू नका, दम्याला जपा, मांजराला मासे बेतानं द्या. दिवे जायची वेळ झाली, आणि सूनबाईच्या बोटाला पेनाचा घट्टा पडलाय, म्हणून आता हात जोडते.

तुमची आज्ञाधारक — हे तिनं हसत लिहिलं, मला दिसलं —
सिपोरा

ता. क. — ट्रंकेचं वगैरे मनावर घेऊ नका. खरं काम हे. तुम्ही पत्र पोचल्या दिवशी योएलला चार ओळी लिहा, स्वतःच्या हातानं, तुमच्या त्या तपासनीस आल्यावर काढायच्या आवाजात, की आईला कुठेही हलवायचं नाही. मी सांगितलं असं येऊ देऊ नका. तुम्हाला स्वप्न पडलं म्हणा. तुमच्या स्वप्नांना तो लहानपणापासून भितो.

ता. क. दुसरा — स्वप्नात आमचे हे आले होते असं लिहिलंत तरी चालेल. पण त्यांना फार बोलायला लावू नका. योएलला संशय येईल.

आत्या, हे माझं स्वतःचं, कंसाबाहेर. आई वर शाल आणायला गेल्या आहेत आणि जिना त्या सावकाश चढतात. निकालाचं पूर्ण सांगते. 'हा वर्ग बंद पडला तर मला वाईट वाटेल' यापुढे सगळ्या मुलांनी 'अगदी पटतं' वर खूण केली. फक्त शर्लीनं नुसतं 'पटतं' वर केली, कारण स्वतःच्या आजीचं कौतुक केलं असं कुणी म्हणायला नको. योएलनं त्याच संध्याकाळी हिलेलला फोन करून सांगितलं की आई कुठेही जाणार नाही, तूच ये. ते 'बघू' मी त्याला म्हणायला लावलं. कारण ब्रिस्टलचं नाव निघाल्यापासून आई रोज सकाळी माझ्याआधी उठून चहा करतात, शर्लीची वेणी घालतात, आणि आजचा दिवस सोडला तर डाळीबद्दल अक्षर काढलेलं नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली, असे दिवस मी पाहिले नव्हते. तेव्हा योएलला पत्र जरूर लिहा, आत्या, स्वप्नासकट लिहा. फक्त ते विमानानं पाठवू नका. बोटीनं आलं तरी चालेल.

शुलामीथ